टाकी आणि बोअरमधलं अंतर

पाऊस ओसरला होता, भुरभुर तेवढी चालू होती. बार्शी नाक्यामागच्या त्या नव्या कॉलनीत रस्ता कुठे संपतो आणि डबकं कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. राजनंदिनीने अंदाजाने स्कूटी पुढे घातली... आणि पुढचं चाक सरळ खाली गेलं. ती पडली नाही, पण एक पाय गुडघाभर चिखलात रुतला, चप्पल सुटून पाण्याबरोबर निघाली, आणि काखेतली नकाशांची गुंडाळी तिने कशीबशी डोक्यावर उंच धरली.

“थांबा! हलू नका, पुढं अजून खोल हाय!”

समोरच्या अर्धवट रंगवलेल्या घरातून एक तरुण पळत आला. डोक्यावर छत्रीऐवजी पालथं घमेलं. त्याने आधी वाहत चाललेली चप्पल पकडली, खळबळून स्वच्छ केली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने तिच्यासमोर धरली. मग स्कूटी उचलली.

“लागलं का?”

“नाही. हा खड्डा कुणी खोदला?”

“खड्डा न्हाई, चर हाय तो. नळाच्या पाइपाचा.”

“बरं, चर. कुणी खोदला?”

त्याने घमेलं खाली घेतलं. केसांवर सिमेंटची धूळ बसली होती. “मीच. म्हंजे, मीच खोदायला लावला.”

“रस्ता खोदायची परवानगी घेतलीय?”

“ती... लागती?”

“लागते.”

“आणि तुमी—?”

“मी पालिकेत ज्युनिअर इंजिनिअर आहे. नळजोडण्या आणि बांधकाम परवानग्या माझ्याकडेच असतात.”

तो तिच्याकडे बघत राहिला, मग चराकडे, मग परत तिच्याकडे. ओठांच्या कोपऱ्यातलं हसू दाबायचा त्याचा प्रयत्न चालला होता, तो काही साधला नाही.

“अख्ख्या बीडमधी एवढी माणसं गाडीवर फिरतात,” तो म्हणाला, “आणि माझ्या चरात आल्या त्या नेमक्या तुमीच.”

तिला हसायचं नव्हतं. पायाला चिखल लागलेला असताना अधिकाऱ्याने हसू नये, असं तिला वाटत होतं. तरी ती हसली.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. केस धुतलेले, शर्ट इस्त्रीचा. नाव सत्यम, मूळ गाव गेवराई तालुक्यातलं उमापूर, बीडच्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो, असं त्याने न विचारताच सांगून टाकलं. लहानपणची निम्मी वर्षं त्याने आईवडिलांच्या मागे ऊसतोडीला, कारखान्याशेजारच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये काढली होती. शाळा दिवाळीच्या आधी सुटायची ती एकदम उन्हाळ्यात भेटायची. तो कसाबसा शिकला, त्याची बहीण शिकली नाही. म्हणून त्याने मामाचं रिकामं घर मागून घेतलं होतं. मागच्या अंगाला खोल्या आणि संडास-बाथरूम वाढवायचे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या दहा-बारा पोरी तिथे ठेवायच्या. दसऱ्यानंतर आईबाप कारखान्याला गेले तरी पोरींची शाळा बुडू नये, एवढंच. स्वयंपाक त्याची आई, छबुबाई, करणार होती.

“चांगलं काम आहे,” राजनंदिनी म्हणाली. “पण चर आधी बुजवा. नळजोडणी परवाना असलेल्या प्लंबरकडूनच घ्यावी लागेल. आणि रस्ता खोदाल तर तो परत पहिल्यासारखा करून द्यावा लागेल.”

“परवाना कावून पायजे पण? पाइपाला पाइप जोडायचा, वर सोल्युशन लावायचं, झालं.”

तिने पेन खाली ठेवलं. हा प्रश्न तिला रोज कुणीतरी विचारायचं, बहुतेक आवाज चढवून. याने मात्र खरंच उत्तर हवं असल्यासारखा विचारला होता.

“तुमचा चर गटाराच्या खालून चाललाय. आपल्याकडं पाणी येतं आठ-पंधरा दिवसांनी एकदा. मधले सगळे दिवस ती नळी रिकामी असते. जोडावर कुठं बारीकशी चीर असली, तरी रिकामी नळी बाहेरचं पाणी आत ओढते. मग पाणी सुटलं की पहिला हंडा गटाराचा.”

सत्यमने खुर्ची जरा पुढे ओढली.

“रिकामी नळी ओढते...” तो हळूच म्हणाला. “माणसाचंबी तसंच असतंय का हो, मॅडम?”

“माणसांचा विभाग वेगळा आहे,” ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. पण कान तापले होते. ते तिला स्वतःलाच कळलं.

मग तो येतच राहिला. कधी घरपट्टीची पावती दाखवायला, कधी नुसतं विचारायला. संडासाच्या पाइपाला उतार जास्त दिला तर काय बिघडतं? (पाणी पुढं पळतं, घाण मागं राहते.) छतावर जाणारा तो वासाचा पाइप नसला तर चालतं का? (चालत नाही, वास अडवणारं मोरीच्या वाकातलं पाणी ओढलं जातं आणि वास घरात येतो.) तिने नळाच्या कामाला खाजामियाँ नावाचे जुने परवानाधारक प्लंबर सुचवले होते. ते एकदा सत्यमसोबत ऑफिसात आले, दोघांचं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि बाहेर पडता पडता म्हणाले, “सर, नळ तो कल लग जाएगा. तुमी आणखी काय जोडायलेत, ते मला सांगा.”

सत्यम पायऱ्यांवर अडखळला. राजनंदिनीने आतून ऐकलं होतं. त्या दिवशी तिने तीन नकाशांवर तारीख चुकीची टाकली.

वाढीव बांधकामाची पाहणी करायला ती गेली, तेव्हा छबुबाईने दारातच पायावर पाणी घातलं. गुडघे गेलेली बाई, पण बोलणं खणखणीत. “या लेकी. सत्यम रोज सरकारी खातं, सरकारी खातं म्हंतोय, ते तुमीच का?” सत्यम घाईघाईने टेप आणायला आत गेला.

खोल्या छान झाल्या होत्या. मोऱ्यांना ढाळ नीट होता. मग ती घराच्या मागे गेली, आणि थांबली.

मंजूर नकाशात मैल्याची टाकी आणि शोषखड्डा घराच्या पुढे, फाटकाजवळ होता. प्रत्यक्षात ठेकेदाराने तो मागे खोदला होता. बोअरच्या अगदी शेजारी.

“पुढं खडक लागला म्हणे त्याला,” सत्यमचा आवाज उतरला. “मागं माती मऊ हाय म्हणून हिकडं घेतलं. मी क्लासवर गेलतो. मला वाटलं, टाकी ती टाकी, पुढं काय अन् मागं काय...”

“सत्यम सर, शोषखड्ड्यातलं पाणी जमिनीतच मुरतं. आणि बोअर जमिनीतूनच पाणी घेतं.” तिने टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. “निदान पन्नास फूट अंतर लागतं. इथं पंधरासुद्धा भरत नाहीत. अशा घरात मी मुलींना राहायची परवानगी देऊ शकत नाही.”

टेपच्या दोन टोकांना ते दोघं उभे राहिले. त्याने वाद घातला नाही, हे तिला आवडलं. नको इतकं आवडलं.

“मग खडक फोडावा लागंल,” तो म्हणाला.

“फोडावा लागेल.”

“तुमी बघायला येताल?”

“यावंच लागेल.”

“मग फोडतो.”

एका रविवारी त्याचा फोन आला. मांजरसुंब्याच्या पुढे एका वस्तीवर गोदावरी नावाची नववीतली पोरगी होती. त्याच्या मते अख्ख्या तालुक्यात तिच्यासारखं गणित कुणाचं नव्हतं. पण तिच्या बापाचा वसतिगृहावर विश्वास बसत नव्हता. “सरकारी मॅडम बरोबर असल्या तर ऐकंल तो,” सत्यम म्हणाला. “कामाचंच हाय. तुमाला वाटत असंल तर...”

कामाचंच होतं. तरी राजनंदिनीने दोनदा ओढणी बदलली.

गोदाच्या बापाने सत्यमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तो तिच्याकडे वळला. “मॅडम, आमी सहा महिने नसतोत. पोर तिथं नीट ऱ्हाईल ना? तुमी सांगा. तुमी सांगितलं तर पाठवतो.”

दाराच्या चौकटीला टेकून गोदा श्वास रोखून उभी होती.

“राहील,” राजनंदिनी म्हणाली. “मी स्वतः बघते.”

परतताना ते मांजरसुंब्याला एका ढाब्यावर चहाला थांबले. समोरून ट्रक धडधडत चालले होते. राजनंदिनी हात धुऊन आली ती कपाळाला आठी घेऊनच.

“काय झालं?”

“यांचं चेंबर उघडं आहे. स्वयंपाकघराच्या अगदी मागे.”

“नंदिनी,” तो म्हणाला. हे नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. “तुमी कुठंबी गेल्या की पहिलं मोरी-संडासच बघता का?”

“सवय झालीय.”

“उद्या सासरी गेल्यावरबी?”

“आधी बघून मगच जाईन. टाकी बोअरजवळ असली, तर स्थळच नको म्हणून सांगेन.”

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. तिने घाईने ग्लास उचलला. चहा उकळता होता.

सत्यमने टेबलावर सांडलेला चहाचा थेंब बोटाने उगीच इकडून तिकडे ओढला. “म्हंजे,” तो म्हणाला, “मला टाकी हलवावीच लागती.”

“हो.”

“आणि ती हलली, की... दिवाळीत आईला घेऊन तुमच्या घरी आलो, तर चालंल?”

ट्रक गेला, दुसरा गेला. तिने ग्लास खाली ठेवला, तो त्याच्या हाताला लागून. कुणीही हात मागे घेतला नाही.

“आधी टाकी,” ती म्हणाली.

“आधी टाकी,” तो म्हणाला, आणि असा हसला की ढाब्याच्या पोऱ्याने न मागता आणखी दोन चहा आणून ठेवले.

पण खडक काळा होता. ब्रेकर आला, दोन दिवस घणघणला, मग परतीचा पाऊस लागला आणि खड्ड्यात पाणी साठलं. पाणी उपसेपर्यंत ब्रेकरवाला दुसऱ्या कामावर निघून गेला. दसरा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या जमायला लागल्या, त्यांना नेणाऱ्या मुकादमांचे फोन सुरू झाले. आणि एका दुपारी राजनंदिनी खड्ड्याचं काम बघायला गेली, तर अंगणातल्या दोरीवर लाल रिबिनी वाळत होत्या.

“सत्यम, पोरी आल्यात?”

“पाव्हण्या हायत.” त्याने तिची नजर चुकवली. “काहींचे आईबाप गेले बी. कुठं ठेवू त्यांना, नंदिनी? बसस्टँडवर? आठ दिवसांत टाकी हलती. आईची शपथ.”

आतून गोदा पळत आली. “मॅडम, माझी खाट खिडकीजवळ हाय!”

राजनंदिनीने बराच वेळ त्या रिबिनींकडे बघितलं. “बोअरची मोटर बंद ठेवायची,” ती शेवटी म्हणाली. “प्यायला टँकरचंच पाणी. आणि आज मी इथे आलेच नव्हते.”

नोकरीत असं ती पहिल्यांदाच बोलत होती.

चार-पाच दिवसांनी तिने सहज छबुबाईला फोन केला. “बरंय लेकी, सगळं बरंय. पोरींची पोटं तेवढी बिघडल्यात. परवा टँकर आलाच न्हाई बघ, मग मोटर लावली...”

राजनंदिनी तशीच निघाली. सत्यम क्लासवर होता. तिने स्वयंपाकघरातल्या नळाखाली निर्जंतुक बाटली भरली, झाकण लावलं, आणि छबुबाईला पाणी उकळून द्यायला सांगितलं. तपासणीत पाण्यात मैल्याचे जंतू निघाले. वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि ते एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी नोटीस लावा. पाहणी तुमची, सही तुमची.”

ते बरोबरच होतं. तिने त्यांच्या जागी बसून हेच केलं असतं. तिने सही केली.

संध्याकाळी ती त्या घरी निघाली. आधी आपण सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पाणी असं आहे, उद्या सकाळी नोटीस येतेय, आजच्या आज पोरींना दुसरीकडे हलवू, मी मदत करते. रस्ताभर ती हीच वाक्यं मनात लावत होती. फाटकाशी पोचली, स्कूटी बंद केली.

खिडकीत दिवा होता. सत्यम फळ्यासमोर उभा होता, हातात खडू, आणि पोरी कशावरून तरी खिदळत होत्या. गोदा उठून काहीतरी सांगत होती. तो कमरेवर हात ठेवून ऐकत होता, हरल्यासारखं तोंड करून, आणि पोरी आणखी हसत होत्या.

राजनंदिनी फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. हा माणूस आपल्याकडे बघेल. फक्त आठ दिवस म्हणेल. आणि आपण एकदा ऐकलंय, आजही ऐकू... पर्समध्ये नोटिशीची प्रत होती. ती तिथल्या तिथे फाडली जाईल, याची तिला खात्री वाटली.

तिने कडीवरचा हात काढला. सकाळी शिपाई जाईल, तशीच पद्धत आहे, असं स्वतःला सांगत ती घरी आली. येता येता तेवढा छबुबाईला फोन केला. “काकू, पाणी उकळूनच द्या हं. आजही.”

“देते ग लेकी. तू ये ना जेवायला!”

“येईन,” ती म्हणाली.

सकाळी सिदू शिपाई नोटीस घेऊन गेला तेव्हा फाटकासमोर ट्रक उभे होते. तिला हे माहीत नव्हतं. उरलेल्या टोळ्या त्या दिवशी निघणार होत्या आणि जाता जाता आईबाप पोरींना भेटायला आले होते. ट्रकवर भांडीकुंडी, सरपण, शेळ्या. सत्यम पाण्याचे जार आणायला गेला होता. सिदूने दारावर कागद चिकटवला, आणि कुणीतरी म्हणालं, वाचून दाखवा की राव. त्याने मोठ्याने वाचलं. पाणी पिण्यास अयोग्य. इमारत राहण्यास वापरू नये.

“खाली सही कुणाची हाय?” गोदाच्या बापाने विचारलं.

सिदूने सांगितलं.

बाप तिथूनच वळला. तो आत गेला आणि गोदाची पिशवी घेऊन आला. एकाने नेली तशा बाकीच्यांनीही नेल्या. पोरी रडत होत्या, छबुबाई एकेकीचा हात धरत होती. सत्यम जार घेऊन आला तेव्हा रस्त्यावर नुसता धुरळा होता.

राजनंदिनीचा फोन वाजला. तिने तो लगेच घेतला.

“सांगायचं तरी होतं,” सत्यम म्हणाला.

तेवढंच. तिने बोलायला तोंड उघडलं, पण फोन बंद झाला होता.

तो मोटरसायकलवर ट्रकांच्या मागे मांजरसुंब्यापर्यंत गेला. चौकात चहाला थांबलेल्या दोन टोळ्यांच्या हातापाया पडून त्याने काही पोरी परत आणल्या आणि त्यांना क्लासच्या हॉलमध्ये ठेवलं. गोदाचा ट्रक थांबला नव्हता.

दुपारी राजनंदिनी त्या घरी गेली, तर छबुबाई एकटीच वाकळांच्या घड्या घालत बसली होती. “तुझं चुकलं असं मी म्हणत न्हाई,” ती म्हणाली. तिने बसायलाही सांगितलं. पण ती पहिल्यासारखी बोलली नाही. पुढे राजनंदिनीने कितीतरी मेसेज केले. उत्तरं आली, एका एका शब्दाची. हो. बरं. बघतो. दिवाळीत तिच्या आईने विचारलं, “कुणी येणारंय का ग? सारखी दाराकडं बघतीस.” ती म्हणाली, “कुणी नाही.”

पुढच्या भाद्रपदात भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे राहायच्या परवानगीसाठी, त्या घराचा अर्ज आला. पाहणी तिलाच करायची होती.

खडक फोडून टाकी फाटकाजवळ नेली होती. जुनी उपसून, चुना टाकून बुजवली होती. तिने चेंबरची झाकणं उघडून बघितली, मोरीत रंगीत पाणी सोडून ते कुठे निघतं ते पाहिलं, छतावरच्या पाइपाला जाळी लावलीय का तेही पाहिलं. बोअरच्या पाण्याचा नवा अहवाल चांगला होता. सत्यम शेजारून चालत होता, विचारलं तेवढं सांगत होता. थोडा वाळला होता.

“सगळं नियमात आहे,” ती म्हणाली.

“हो, मॅडम.”

मॅडम. तिने वहीत उगीच दोन ओळी लिहिल्या. मग विचारलं, “गोदा येणार ना यंदा?”

तो चेंबरचं झाकण बसवत होता. बसलेलं झाकण त्याने परत उचलून नीट बसवलं.

“तिचं लगीन झालं. तिकडंच, कारखान्यावर. आमाला कळलं तवा होऊन गेलतं. मी बालविवाहाची तक्रार केली, साहेब लोक जाऊनबी आले. पण ती आता सासरीच हाय.” तो उठला. “फोन लागलता एकदा. म्हणाली, सर, माझी पुस्तकं दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

राजनंदिनीला काही दिसेना. तिने पाठ फिरवली आणि बोअरकडे बघितल्यासारखं केलं. राहील, मी स्वतः बघते, असं आपण त्या बापाला म्हणालो होतो.

“माझंबी ठरलंय,” मागून त्याचा आवाज आला. “कार्तिकात. केजची हाय. आईनं बघितली.”

“चांगलं झालं,” ती म्हणाली. आवाज नीट आला, याचं तिलाच नवल वाटलं.

प्रमाणपत्र तयार झालं. सिदूने ते न्यायला हात पुढे केला, तर तिने दिलं नाही. संध्याकाळी ती स्वतः निघाली. फाटकाची कडी काढली, अंगण ओलांडलं आणि दारात उभी राहिली. आत नव्या पोरी आल्या होत्या, खाटा कुणाच्या कुठे यावरून भांडण चाललं होतं. सत्यम बाहेर आला. कागद हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला, कागदाकडे नाही.

“आज स्वतः आलात,” तो म्हणाला.

“त्याही संध्याकाळी आले होते.”

“कवा?”

“नोटिशीच्या आदल्या दिवशी. या फाटकापर्यंत. तुम्ही शिकवत होतात.”

त्याने फाटकाकडे बघितलं. आतली पोरींची कलकल तेवढी येत राहिली.

“मग आत कावून न्हाई आलात?”

“भीती वाटली.” तिने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं. “वाटलं, तुम्ही एकदा थांबा म्हणाल... आणि मी नोटीस फाडून टाकीन.”

“मी फाडू दिली नसती,” सत्यम म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. राग असता, तर तिला सोसला असता.

“पाणी असं हाय, एवढं तुमच्या तोंडून ऐकलं असतं, तर मी त्याच घडीला पोरींना घेऊन हॉलवर गेलो असतो. सकाळी त्यांचे आईबाप तिथं आले असते. मोटर मी लावली होती, नंदिनी, चूक माझीच होती. माझ्या पोरींना मी ते पाणी पाजलं असतं का पुढं? तुमाला... तसा वाटलो मी?”

वर्षभर ती स्वतःला सांगत आली होती की नियम आणि प्रेम यांत तिने नियम निवडला, दुसरं काय करणार. आत्ता या दारात तिला कळलं की त्या संध्याकाळी निवडायचं असं काही नव्हतंच. नुसती कडी काढून आत यायचं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “तसे नव्हतात तुम्ही. मला कळायला पाहिजे होतं.”

आतून छबुबाईने हाक मारली, “कोण आलंय रे?”

सत्यमने मागे बघितलं, मग तिच्याकडे. “आत या,” तो म्हणाला. “चहा घेऊन जा.”

“नको,” ती म्हणाली. “पोरींना जेवायला वाढायची वेळ झाली असेल.”

तिने त्याला नमस्कार केला, जसा ऑफिसात करतात तसा. त्यानेही केला. मग ती अंगणातून परत निघाली, आणि फाटकाची कडी बाहेरून लावायला तिला बराच वेळ लागला.